चुंबकाला चिकटलेली एक कपची

या मालिकेत आपण एरवी लढाया आणि सेनापती यांच्यावर बोलतो. आजचा विषय तुमच्या गाडीच्या पोटाखाली आहे: ऑइल चेंबरच्या तळाचा ड्रेन प्लग. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला, ऑइल बदलताना मेकॅनिक हाच बोल्ट सोडतो.

काही प्लगांच्या टोकाला चुंबक असतो. गिअरचे दाते, बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि पोलादाचा कीस तेलात उतरतो. तो चुंबक धरून ठेवतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ मात्र त्याला चिकटत नाही, म्हणजे अर्धी हकीकत त्याला कधीच कळत नाही. मऊ, करडा गाळ असेल तर काळजी नको, ती रोजची झीज. पण चकाकणारी खपली किंवा कपची दिसली, तर आत काहीतरी तुटायला लागले आहे. वर्कशॉपमधले जुने हवालदार प्लग पुसण्याआधी तो गाळ दोन बोटांत चोळून बघत. पुसल्यावर काय बघणार?

जमिनीवर गाडी बंद पडली तर फार तर धक्का मारावा लागतो. हेलिकॉप्टरला ती सोय नाही. म्हणून त्याच्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये असे चुंबकी प्लग असतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना वीजही जोडलेली असते: कपचीने दोन टोके सांधली की सर्किट पूर्ण होते आणि वैमानिकासमोर दिवा लागतो.

आता स्कॉटलंडला चला. 1 एप्रिल 2009. उत्तर समुद्रातल्या मिलर तेलफलाटावरून एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर अ‍ॅबरडीनला परतत होते. आत 14 प्रवासी आणि 2 वैमानिक. पीटरहेडजवळ समुद्रावर असताना मुख्य गिअरबॉक्स फुटला, वरचा पंखा यंत्रापासून सुटला आणि सोळाही जण गेले.

कारण सापडले ते एका प्लॅनेट गिअरमध्ये. मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाके फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. त्यातले एक चाक थकव्याने तडकले होते. आणि मंडळी, त्याने आधी निरोप पाठवला होता! 25 मार्चला, म्हणजे अपघाताच्या 36 उड्डाणतास आधी, त्याच भागाच्या प्लगवर एक चुंबकी कपची मिळाली होती. हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि बनवणारी कंपनी यांच्यात फोन आणि ई-मेल झाले. त्या बोलण्यात गफलत झाली. ही कपची प्लॅनेट गिअरच्या बिघाडाची खूण आहे हे ओळखले गेले नाही, असे ब्रिटनच्या तपास अहवालाने नोंदवले आहे. फौजेत तोंडी हुकूम पुन्हा म्हणून दाखवायला लावतात, त्याचे कारण यापेक्षा वेगळे नाही.

मग पुढच्या 36 तासांत दुसरी कपची का मिळाली नाही? इथे गोष्ट विचित्र वळण घेते. वरच्या भागातला चुरा खालच्या गिअरांत जाऊ नये म्हणून त्या गिअरबॉक्समध्ये चुंबकांचे एक कडेच बसवले होते. हेतू चांगलाच. पण ते कडे चुरा धरून ठेवत असे, त्यामुळे तो प्लगपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी झाली. संत्रीने निरोप्याला वेशीवरच अडवावे आणि किल्ल्यात सगळे निर्धास्त झोपावेत, तसे झाले. ती चुंबके तपासायची तर तो भाग उघडावा लागला असता. तो उघडला गेला नाही. अपघातानंतर ती कडी काढून टाकण्याचा हुकूम निघाला.

मला विचाराल तर सात वर्षांनंतरचा अपघात अधिक अस्वस्थ करणारा आहे. 29 एप्रिल 2016, नॉर्वे. गुलफाक्स बी फलाटावरून बर्गनकडे येणारे त्याच घराण्यातले नवे हेलिकॉप्टर, ईसी 225, तुरॉय बेटापाशी कोसळले. 13 माणसे गेली. पुन्हा प्लॅनेट गिअर, पुन्हा पंखा सुटलेला. या वेळी कोणी काही चुकीचे वाचले नव्हते, कारण वाचायला काही नव्हतेच. पृष्ठभागावरच्या एका सूक्ष्म खळग्यातून सुरू झालेली चीर आतल्या आत वाढत गेली. धोका सांगण्याइतका चुरा तेलात पडलाच नाही. चुंबक जागेवर होता, चांगला होता, पण सुटून आलेल्या तुकड्याखेरीज त्याला दुसरे काही कळत नाही.

त्यानंतर उड्डाणे थांबवण्यात आली. पुन्हा परवानगी देताना प्लग आणि तेलाचा फिल्टर वारंवार तपासणे सक्तीचे झाले. आणि वापरात असलेल्या दोन प्रकारच्या प्लॅनेट गिअरांपैकी तडकलेला प्रकार सरळ काढून टाकायला लावला.