कासवाची वाळू

लहानपणी आम्ही भीमेत डुंबायला उतरलो की थोरले चुलते, आमचे आबा, दरडीवरून ओरडायचे, “आरं, डोहाकडं जाऊ नगा, कासाव बोट तोडंल!” पंढरपूरच्या खाली, नदीकाठी आमचं गाव. डोहात मऊ पाठीचं, सोंडेसारख्या नाकाचं कासव असायचं. नुसतं नाक वर काढायचं आणि परत बुडायचं. कधी जाळ्यात आलं, तर आबा जाळं कापून सोडून द्यायचे. देवळात देवाच्या आधी ज्याच्यापुढं वाकायचं, त्याला मारायचं कसं, हा त्यांचा हिशेब.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आणि एक मुलगा कासवांच्या पाहणीला आले. आमच्या कासवाला शास्त्रात लीथचं कासव म्हणतात, हे त्यांच्याकडून कळलं. 1872 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं वर्णन छापलं, तेही पुण्याकडून गेलेल्या नमुन्यांवरून. पुण्याची मुळा-मुठा शेवटी भीमेलाच मिळते, म्हणजे ते आमचंच भावकीतलं. 2021 साली त्याचं नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलं.

पोरं चार दिवस काठानं हिंडली. डोहाची खोली, दरडीचा उतार, पाण्यापासून वाळूची उंची, कुठं जाळी, कुठं कुत्र्यांचे माग, सगळं वहीत. मला वाटलं होतं, कासवं मोजतील. मुलगी म्हणाली, “आजोबा, आधी जागा मोजायची. जागाच नसली तर पिल्लं आणून सोडायची कुठं?”

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते, असं कीर्तनात ऐकत आलोय. मी तसं म्हणालो. ती हसली. “नाही आजोबा, ती अंडी पुरते आणि निघून जाते.” म्हणजे पिल्लांना आईचं मिळतं ते त्या जागेतच. माती-वाळू भुसभुशीत हवी, ऊन लागायला हवं, आणि धरणातून पाणी सुटलं तरी बुडू नये इतकी उंच हवी.

मग तिनं एका रकान्यावर बोट ठेवलं : वाळू कधी गेली?

उजनीवर ढकलता आलं असतं. 1980 मध्ये धरण झालं, वरून येणारी वाळू तिथंच अडली, हे खरंच आहे. पण काठावर होती ती वाळू धरणानं नेली नाही. ती ट्रॅक्टरनं गेली, आणि ट्रॅक्टरची वाट आमच्या वावरातनं होती. खेपेमागं पैसे घेतले. थोरलीचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. आबा ओट्यावर बसून खेपा मोजायचे. बोलले काहीच नाहीत.

“1998,” मी म्हणालो. “आणि वाट कुणाच्या वावरातनं होती, तेबी लिही बाई.”

त्याला रकाना नव्हता. तिनं समासात लिहिलं.

ओढ्याच्या तोंडाशी जुन्या वाळूचा एक पट्टा उरलाय. आम्ही तिघांनी तो मोजला : चाळीस पावलं. पोरं गेल्यावर मी त्या वाटेवर बाभळीच्या फेसाट्या आडव्या टाकल्या. परवा एक ट्रॅक्टरवाला विचारायला आला होता. त्याला चहा पाजला, आणि वाट दिली नाही.