लाकूड, हाड आणि प्लास्टिक

आमच्या घरी अम्मी गॅसचा लायटर 'टक' करते आणि ठिणगी उडते. त्यात ना बॅटरी, ना चकमक. आत सिरॅमिकचा छोटा तुकडा असतो, त्याला फटका बसला की वीज तयार होते. हा गुण 1880 मध्ये जाक आणि पिएर क्युरी या फ्रेंच भावांनी क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला, इथवर आपण कॉलेजात शिकतो. पुढचा इतिहास मला फार उशिरा कळला. तो अभ्यासक्रमात नव्हता याची थोडी चीडही आली.

1955 मध्ये जपानच्या एइची फुकादा यांनी हाच गुण चक्क लाकडात मोजला. क्वार्ट्झच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका, पण होता! लाकडाच्या तंतूंत सेल्युलोजचे सूक्ष्म स्फटिक एका दिशेनं रचलेले असतात, त्याची ही करामत. 1957 मध्ये अस्थितज्ज्ञ इवाओ यासुदा यांच्यासोबत त्यांनी हाड तपासलं. तिथेही तेच, कारण हाडात कोलॅजनचे तंतू असतात. म्हणजे कठीण दगडच हवा असं नाही, रेणूंची रचना हवी.

मग ती रचना माणसाला घडवता येईल का? 1969 मध्ये हेइजी कावाई यांनी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लास्टिकवर ते करून दाखवलं. याच्या लांब साखळीत एका कार्बनवर दोन हायड्रोजन, पुढच्यावर दोन फ्लोरिन. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे एक बाजू ऋण, दुसरी धन होते. पण वितळवून थंड केलं की साखळ्या पीळ घेतात, शेजारच्या उलट्या तोंडानं बसतात आणि बेरीज शून्य! कावाईंनी फिल्म कित्येक पट ताणली, तापवून तिला जबर विद्युतदाब दिला. ताणल्यानं साखळ्या सरळ झाल्या, सगळे फ्लोरिन एका अंगाला आले. विद्युतदाबानं त्यांची तोंडं एका दिशेला वळली आणि दाब काढल्यावरही तशीच राहिली.

आता फिल्म दाबली की तिची जाडी बदलते आणि दोन्ही पृष्ठांवरचा विद्युतभारही. परिणाम क्वार्ट्झच्या साधारण दहापट.

सिरॅमिक याहून जोरकस आहे, हे खरं. पण ते ठिसूळ. ही फिल्म कागदासारखी वाकते, शिवाय पाण्यातला ध्वनी तिच्यात सहज शिरतो. म्हणूनच सोनोग्राफीच्या यंत्रातून निघणारा ध्वनी पाण्यात मोजायला आज तिचेच हायड्रोफोन वापरतात.