भिंतीवरचा फोटो आणि रद्दीत निघालेले खंड

मागच्या महिन्यात चळवळीतला एक तरुण मित्र घर बदलत होता. सामान बांधायला मदत करावी म्हणून गेलो, तर दाराशी रद्दीवाल्यासाठी दोन गठ्ठे बांधून ठेवलेले. वडिलांनी आयुष्यभर जमवलेले बाबासाहेबांचे खंड, जयंतीच्या स्मरणिका, नामांतराच्या काळातली पत्रके, कडेने कुरतडलेली दोन-तीन चरित्रे. मी विचारले तर म्हणाला, "दादा, हे सगळं पीडीएफमध्ये आहे माझ्याकडे. नव्या घरात जागा कुठंय?"

भांडण न करता दोन्ही गठ्ठे मी माझ्या घरी आणले. पण त्याला उत्तर द्यायचे राहिले होते. आणि असे म्हणणारा तो एकटा नाही, म्हणून ते उत्तर इथे लिहितो.

मित्रांनो, ज्यांच्या घरात चार पिढ्या कपाटभर पोथ्या होत्या, त्यांनी पुस्तके रद्दीत घातली तर फार बिघडत नाही. त्यांचे दफ्तर सरकारकडे, विद्यापीठांकडे, संशोधन मंडळांकडे सुरक्षित आहे. आपले कुणाकडे आहे? १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊनही, छापायला 'केसरी' तयार नव्हता. जिथे पैसे मोजून चार ओळी मिळत नव्हत्या, तिथे आपला इतिहास कोण जपणार होते? तो आपल्याच लोकांनी जपला. चाळीतल्या फळीवर, पत्र्याच्या ट्रंकेत, गोधडीखाली.

ही परंपरा बाबासाहेबांच्या घरापासूनच सुरू होते. परळच्या चाळीत एका खोलीत संसार आणि सुभेदार रामजी पेन्शनवर. मुलाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला की ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. पुस्तकासाठी सोने गहाण पडलेले घर आहे हे. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, सत्काराची सभा झाली आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. त्या एका पुस्तकापासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत सरळ रेघ ओढणे भाबडेपणाचे होईल. मधे महाड आहे, काळाराम आहे, येवला आहे, अफाट वाचन आहे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच त्या भेटीची आठवण नोंदवली आहे.

आता यातली खरी गोष्ट पाहा. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, तो ग्रंथ इंग्रजीत निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० साली त्यांच्या दुर्मिळ प्रस्तावनांच्या संग्रहात छापली. म्हणजे कुणीतरी ते कागद फेकले नाहीत, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. त्या वेळी कुणी "नव्या घरात जागा नाही" म्हटले असते तर?

कागद किती सहज जातो हेही बाबासाहेबांनी सोसले होते. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि न्यूयॉर्क-लंडनला उपाशी राहून घेतलेली कित्येक पुस्तके तळाला गेली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. माणसे घर बांधून मग त्यात कपाट ठेवतात, इथे पुस्तकांना जागा हवी म्हणून घर उभे राहिले. ७ जुलै २०२० रोजी त्या घरावर दगड पडले, खिडकीच्या काचा आणि कुंड्या फुटल्या, तेव्हा राज्यभर लोक का हलले, हे या गोष्टीशिवाय कळत नाही.

या राजगृहातला एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. फेब्रुवारी १९३४. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई वहिनी, पुतण्या मुकुंद आणि पुढे टॉबी नावाचा कुत्रा. जेमतेम सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्यांचे फोटो मोजकेच. आज घराघरात, चौकाचौकात रमाईचा जो चेहरा दिसतो, त्यामागे असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कागद आहेत. ते कुणी तरी ओल, वाळवी आणि पूर यांतून वाचवले. कॅमेऱ्यासमोर बसणे हीच एकेकाळी ऐपतीची गोष्ट होती. आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींचा एकही फोटो निघाला नाही, आणि ज्यांचा निघाला त्यांची नावे आपण विसरलो. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांसोबत महिला प्रतिनिधी बसलेल्या आहेत, तो फोटो प्रत्येक महिला दिनाला फिरतो. त्यातल्या किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? २० जुलै १९४२ च्या महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या, एवढे तरी किती जणांना ठाऊक आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून वस्त्यावस्त्यांत फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ उभा राहिला. हे काम आणखी दहा-पंधरा वर्षे लांबले असते, तर सांगणाऱ्या बायाच उरल्या नसत्या.

आता फोटोवरच्या नेहमीच्या आक्षेपाकडे येतो. काही पुरोगामी मंडळी म्हणतात, तुम्ही देव्हारा काढला आणि तिथे फोटो लावला, मग फरक काय पडला? फरक हा पडला की १९५६ नंतर लोकांनी देव नदीला, विहिरीला नेऊन सोडले आणि त्या रिकाम्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब यांना लावले. तो फोटो नवस मागण्यासाठी नव्हता. या घराने काय सोडले आणि काय स्वीकारले, याची ती जाहीर नोंद होती. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला उंबऱ्यातूनच ती वाचता यायची आणि तिची किंमतही मोजावी लागायची. आजही मोजावी लागते. शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्याला विचारा. आडनावावरून कळत नसेल तर घरमालकाला भिंतीवरून कळते. आपलेच काही उच्चशिक्षित बांधव घरमालक येणार म्हटले की फोटो कपाटात ठेवतात. मोबाइलचा वॉलपेपर लपवायला एक बोट पुरते. भिंतीवरची चौकट काढली तरी खाली उजळ चौकोन आणि खिळा उरतो.

माझ्या आजीचे घर नांदेडकडचे. १९७८ च्या दंगलीत वस्ती जळाली तेव्हा घरातले काहीच वाचले नाही, फोटोही नाही. पुढे छपरासाठी पत्रे मदतीतून आले. फोटो मात्र आजीने मजुरीच्या पैशातून नांदेडच्या बाजारातून आणला आणि पत्रे चढायच्या आधी कुडाला टांगला. पाऊस लागू नये म्हणून वर युरियाचे पोते बांधले होते, असे चुलते सांगतात. तिला अक्षरओळख नव्हती. घरातले पहिले पुस्तकही तिनेच आणले, कुणी तरी वाचील या भरवशावर.

आता पीडीएफ. मी तिच्या विरोधात नाही. ज्या तालुक्यात आपल्या पुस्तकांचे एक दुकान नाही, तिथल्या पोराला ती मिळते ही मोठी गोष्ट आहे. पण कित्येक पीडीएफ कुणीतरी जपलेल्या छापील प्रतीवरूनच स्कॅन झालेल्या असतात, हे विसरू नका. वसंत मून यांच्या संपादनाखाली राज्य सरकारने पहिला इंग्रजी खंड १४ एप्रिल १९७९ रोजी काढला. पुढे १९८७-८८ मध्ये चौथ्या खंडातल्या 'रिडल्स'वरून केवढे रण पेटले, ते बुजुर्गांना विचारा. छापलेला मजकूर मागे घ्या, अशी मागणी होती. लोक रस्त्यावर उतरले नसते तर काय राहिले असते आणि काय गेले असते, याचा विचार करा. आणि २०२१ च्या डिसेंबरात खंडांच्या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारी भांडारात खंड मिळत नव्हते तेव्हा ते कुठे होते? आपल्या घरांत. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर रांगेत उभे राहून, डोक्यावर वाहून नेलेल्या पिशव्यांत.

आणखी एक. बाबासाहेबांच्या नावावर खोटी वाक्ये रोज फिरतात. ती पाठवणाऱ्याला "खंड कोणता, पान कोणते?" असे विचारायचे तर घरात खंड पाहिजे आणि तो उघडलेला पाहिजे. इथे आपलाही कान धरतो. आपल्याकडे फोटोला हार रोज पडतो आणि खंड मात्र निळ्या कापडात गुंडाळलेला राहतो. माझ्या स्वतःच्या कपाटात तीन खंड असे आहेत ज्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

त्या दोन गठ्ठ्यांविषयी सांगायचे राहिले. परवा ते सोडले. एका स्मरणिकेत पोस्टकार्डाएवढा काळा-पांढरा फोटो निघाला. रस्त्याकडेला सात जण उभे, हातात झेंडा, दोघांच्या पायात चपला नाहीत. मागे निळ्या शाईत लिहिले आहे, 'लाँग मार्च १९७९', आणि खाली डावीकडून ओळीने नावे. दुसरे नाव मित्राच्या वडिलांचे. चौथे नाव पाण्याने विरघळून गेले आहे. मी लगेच मित्राला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आईला ठाऊक असेल." येत्या रविवारी फोटो घेऊन आम्ही दोघे तिच्याकडे जातो आहोत.