‘तिकडे म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही’

परदेशाविषयी आपल्याकडे ज्या समजुती चालत आल्या आहेत, त्यांत सर्वांत चिवट समजूत तिकडच्या म्हाताऱ्यांविषयीची आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईबाप त्याला घराबाहेर काढतात; आईबाप थकले की तो त्यांना वृद्धाश्रमात नेऊन टाकतो; मग वर्षातून एकदा भेटकार्ड पाठवले की कर्तव्य संपले. कीर्तनात, व्याख्यानमालेत, संस्कारवर्गात, लग्नाच्या पंगतीत हे ऐकू येते आणि माना डोलतात. ‘आपल्याकडे अजून कुटुंब शाबूत आहे’ हे त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते.

या पूर्वपक्षात तीन विधाने आहेत. पहिले, पाश्चात्त्य देशांत वृद्ध आईबापांना दूर करण्याचा रिवाजच आहे. दुसरे, यंत्रयुगाने आणि व्यक्तिवादाने तिथले एकत्र कुटुंब मोडले, त्याचे हे फळ. तिसरे, आपले कुटुंब वृद्धांना सांभाळते, तेव्हा आपल्याला वेगळ्या व्यवस्थेची गरज नाही. पहिली दोन विधाने पुराव्यापुढे टिकत नाहीत. तिसरे तर आपल्याच वृद्धांचे आणि त्यांची सेवा करणाऱ्या बायकांचे नुकसान करते, म्हणून या समजुतीचे खंडन मला अगत्याचे वाटते.

आधी वृद्धाश्रमांचे पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली जनगणना झाली, तेव्हा ६५ वर्षांवरील लोकांपैकी केअर होममध्ये राहणारे होते २.५ टक्के. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३.२ टक्के होते. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव वृद्ध आपापल्या घरी राहतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोक साडेपाच कोटींहून अधिक आहेत आणि नर्सिंग होममधले रहिवासी तेरा लाखांच्या आसपास. वय ऐंशी-नव्वदीकडे गेले की हे प्रमाण वाढते हे खरे. पण अशा संस्थांत पोचलेली बहुतेक माणसे स्मृतिभ्रंशाने किंवा जर्जर दुखण्याने परावलंबी झालेली असतात. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंडमधल्या अशा संस्थांचा अभ्यास करून १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ लिहिला. अविवाहित, निपुत्रिक, जवळचे कुणी न उरलेले अशांचा भरणा तिथे मोठा आहे, असे त्यांना आढळले. ज्यांना मुलेच नव्हती, त्यांना मुलांनी टाकले असे कसे म्हणायचे?

मग घरी राहणाऱ्यांची सेवा कोण करते? जर्मनीत २०२१ च्या अखेरीस सुमारे पन्नास लाख लोकांना नित्य शुश्रूषेची गरज होती. त्यांतल्या ८४ टक्के लोकांची शुश्रूषा घरीच होत होती आणि पंचवीस लाखांहून अधिक लोकांचा भार प्रामुख्याने नातेवाइकांवर होता. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत, आजारी किंवा अपंग आप्तेष्टांची विनावेतन देखभाल करतो असे सुमारे पन्नास लाख लोकांनी सांगितले.

आकड्यांमागचे एक माणूस जवळून पाहण्याजोगे आहे. जॅकलिन ड्रेक ही इंग्लंडमधली विवाहित स्त्री. जून १९८४ मध्ये तिची अपंग आई तिच्या घरी राहायला आली आणि आईचे सगळे करण्यासाठी हिने नोकरी सोडली. अशी सेवा करणाऱ्याला ब्रिटिश सरकार १९७६ पासून भत्ता देत होते, पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीला तो मिळत नसे. बायकोने घरात बसून म्हाताऱ्यांचे करायचेच असते, हे कायद्याने गृहीत धरले होते. ड्रेक लढली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. ही कहाणी कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या कुठल्याही लेकीला परकी वाटणार नाही. फरक एवढाच की तिथल्या लेकीने आपल्या कष्टांचा हिशेब सरकारकडे मागितला आणि मिळवला.

अठराव्या वर्षी घराबाहेर काढण्याची गोष्टही अशीच. युरोपीय संघात मुले सरासरी सव्विसाव्या वर्षी आईबापांचे घर सोडतात. स्वीडन-फिनलंडमध्ये हे वय एकवीसच्या आसपास आहे, तर क्रोएशियात तिशीच्या पुढे. स्पेन आणि इटलीतली मुलेही तिशीपर्यंत घरीच असतात. ‘युरोप’ म्हणून एकच एक कुटुंबरीत दाखवता येत नाही. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, १८ ते २९ वयाचे निम्म्याहून अधिक तरुण आईबापांजवळ राहत होते. नोकरी गेली, कॉलेज बंद पडले, तेव्हा त्यांना थारा आईबापांच्याच घरी मिळाला.

आता दुसरे विधान. पूर्वी तिथेही एकत्र कुटुंब होते आणि कारखान्यांनी ते मोडले, असे आपण धरून चालतो. केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या गावोगावच्या जुन्या याद्या तपासल्या. सोळाव्या शतकापासून तिथल्या घरात सरासरी पाचाहून कमी माणसे राहत आल्याचे त्यांना आढळले. लग्न झाले की वेगळी चूल मांडायची, ही रीत वाफेच्या यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा वेगळे राहणे हा तिथे नव्या काळाचा ऱ्हास नाही. ती त्यांची जुनी घडी आहे. आणि त्या घडीत म्हाताऱ्यांची सोय लावलेली असे. १६०१ च्या इंग्लिश गरीब-कायद्याने असहाय आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकली होती. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतले तसे कलम आजही लागू आहे. जर्मनीतही मुलांवर हे बंधन आहे. २०२० पासून वर्षाला एक लाख युरोंहून अधिक मिळकत असलेल्यांकडूनच सरकार त्यासाठी वसुली करते.

मध्य युरोपातल्या शेतकऱ्यांची रीत तर आपल्याला ओळखीची वाटेल. बाप थकला की शेत मुलाच्या नावे करी. पण त्याआधी करारपत्र होई. म्हातारा-म्हातारीला कोणती खोली, वर्षाला किती धान्य, किती सरपण, किती दूध हे त्यात लिहिलेले असे. आपल्याकडच्या वाटणीपत्रातही आईवडिलांच्या पोटगीचे कलम असतेच. आणि ते कागदावर नसले तरी चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे अशा पाळ्या लागतात. माया दोन्हीकडे होती. मायेच्या भरवशावर सगळे सोडू नये, हे शहाणपणही दोन्हीकडे होते.

आईबापांशी कृतघ्न होणे तिथे रिवाज असता, तर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची शोकांतिका झालीच नसती. राज्य वाटून दिलेल्या बापाला मुली दाराबाहेर काढतात, याने इंग्रज प्रेक्षक चारशे वर्षे हादरत आला आहे, कारण त्याच्याही लेखी ते घोर पाप आहे. त्याच नाटकापासून प्रेरणा घेऊन वि. वा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिले. १९७० पासून मराठी प्रेक्षक अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडतो आहे, तो परक्या देशातल्या बापासाठी नव्हे. आपल्याही घरात हे घडते, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

यावर कुणी विचारील, मग तिकडचे वृद्ध एकटे का राहतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेत १९४० मध्ये वृद्ध विधवांपैकी १८ टक्के एकट्या राहत आणि ५९ टक्के मुलांच्या घरी. १९९० मध्ये एकट्या राहणाऱ्या ६२ टक्के झाल्या आणि मुलांकडे राहणाऱ्या २० टक्के. कॅथलीन मॅकगॅरी आणि रॉबर्ट शोनी या अभ्यासकांनी कारणे तपासली, तेव्हा सर्वांत मोठे कारण निघाले पैसा, विशेषतः १९३५ च्या कायद्याने सुरू झालेले सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन. हातात स्वतःचे पैसे आले, तेव्हा म्हाताऱ्या बाईने स्वतःचे घर निवडले. व्हिएन्नात लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा कोकेइस यांनी १९६० च्या दशकात वृद्धांनाच विचारले, तेव्हाही हेच कळले: मुले जवळपास असावीत, येत-जात असावीत, पण चूल आपली असावी. पुण्या-नाशकातल्या पेन्शनर जोडप्यांना विचारून पाहावे. त्यांतली कितीतरी हेच बोलून दाखवतील.

पूर्वपक्षाचा सर्वांत जोरकस पुरावा फ्रान्सचा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. बहुतेक वृद्ध होती, अनेक जण आपापल्या खोलीत एकटेच गेले, आणि तो काळ सुट्टीचा होता. तो त्या समाजावरचा डागच आहे. पण त्या देशाने तो झाकला नाही. २००४ मध्ये कायदा करून वर्षातला एक दिवस विनामोबदला काम आणि त्याचा पैसा वृद्ध व अपंगांच्या देखभालीला, अशी तजवीज केली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंदवही नगरपालिकांकडे आली. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, हाही आपल्याकडे त्यांच्या अधःपाताचा दाखला म्हणून सांगितला जातो. दुखणे मोजणारा समाज अधिक दुखणाईत ठरत नाही. शिवाय युरोपातल्या पाहण्यांत, जिथे एकटे राहणारे वृद्ध सर्वाधिक त्या डेन्मार्क-स्वीडनमध्ये एकाकीपणाची तक्रार कमी आढळते आणि जिथे कुटुंबे एकमेकांना धरून आहेत त्या ग्रीस-इटलीत जास्त. माणसांनी भरलेल्या घरातही म्हातारा माणूस एकटा पडू शकतो, हे आपण नाकारू शकू का?

तिसऱ्या विधानाचा विचार आपल्या घरापासून करावा लागतो. ज्या एकत्र कुटुंबाचे गोडवे आपण गातो, त्याच कुटुंबांनी विधवांना काशी-वृंदावनाला धाडले. पंडिता रमाबाईंना १८८९ मध्ये शारदा सदन आणि पुढे अण्णासाहेब कर्व्यांना हिंगण्याचा आश्रम काढावा लागला, तो त्या कुटुंबांनी आपल्या तरुण विधवांची दैना केली म्हणून. आजचे चित्र २०१७-१८ च्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत दिसते. साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ६ टक्के एकटे आणि २० टक्के फक्त जोडीदारासोबत राहतात. म्हणजे चारांतल्या एकाच्या घरात मुलेबाळे नाहीत. आईबापांच्या पोटगीसाठी १९५६, १९७३ आणि २००७ असे कायदे करावे लागले. २००७ च्या कायद्यात ज्येष्ठांना टाकून देणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने लिहून दिले आणि मुलाने अट मोडली, तर ते रद्द करून घेता येते. लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापण्याचा निर्णय घेतला. असे निर्णय घ्यावे लागतात, याचा अर्थ उघड आहे.

आणि जिथे मनापासून सांभाळ होतो, तिथे तो कोण करते? अंथरुणाला खिळलेल्या सासूची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडपॅन द्यायचे, अंग पुसायचे, पेज भरवायची, रात्री तीनदा उठायचे. ‘आमच्याकडे आईला आम्ही घरीच ठेवलंय’ असे मुलगा चारचौघांत सांगतो. हे सगळे करणारी सून त्या वाक्यात नसते. ब्युरोची बारा तासांची बाई ठेवायची तर महिन्याचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर जातो, आणि ठेवली तर ‘परक्याच्या हाती दिलं’ हा टोमणा आहेच. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा-विमा आहे. तपासनीस घरी येऊन वृद्धाला अंघोळ, कपडे, जिने किती जमतात ते पाहतो आणि ठरलेल्या पायरीप्रमाणे घरच्यांना रोख रक्कम किंवा घरी येणारी परिचारिका मिळते. शुश्रूषेसाठी नोकरी कमी करणाऱ्या लेकीसुनेच्या पेन्शन खात्यातही त्या विम्यातून भर पडते. आपल्याकडे वृद्ध निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठी ते एकोणऐंशीपर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीपुढे ५०० रुपये आहे. महाराष्ट्राची श्रावणबाळ योजना २०२३ पासून १,५०० रुपये देते, तेही वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर.

या समजुतीने होणारे नुकसान इथे आहे. वृद्धांचा सांभाळ हा संस्कारांचा प्रश्न ठरला, की तो अर्थसंकल्पाचा, दवाखान्याचा, नगरपालिकेचा प्रश्न उरत नाही. एथेल शानास या अमेरिकन विदुषीने वृद्धांच्या तथाकथित परित्यागाची समजूत अभ्यासाने वारंवार खोडली, आणि प्रत्येक वेळी ती रक्तबीजासारखी पुन्हा उठून उभी राहिलेली पाहिली. १९७९ मध्ये तिला हे लिहून सांगावे लागले. ही समजूत टिकते, कारण ती सोयीची आहे. ‘आपल्याकडे कुटुंब आहे’ एवढे म्हटले, की सरकारला काही द्यावे लागत नाही आणि मुलाला काही करावे लागत नाही.

तेव्हा सिद्धान्त असा. आईबापांवरची माया कुठल्या एका देशाची मिरास नाही आणि कृतघ्नताही नाही. समाजासमाजांत फरक आहे तो सांभाळाचे ओझे कोणाकोणात वाटले जाते याचा. ज्या समाजांनी ते कुटुंब, शेजार आणि सरकार यांच्यात वाटले, तिथे लेकीसुनांना श्वास घेता येतो आणि वृद्धाला कुणाचे मिंधे राहावे लागत नाही. आपल्याला घ्यायचे ते हे: जगता येईल एवढे निवृत्तिवेतन, प्रत्येक तालुक्यात घरी येणारी परिचारिका, दिवसभर वृद्धांना सोबत देणारी केंद्रे, आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या श्रमाला मोबदला. इतरांची मुले वाईट आहेत असे ठरवून आपल्या आईबापांची औषधे येत नाहीत. ती येतील अशी व्यवस्था मागणे, हेच आज मातृपितृभक्तीचे खरे रूप आहे.