माळवदाचा पन्हळ आणि शिडाची नाव

समुद्र आपल्या वळसंगापासून फार दूर. तथापि नौकानयनाच्या इतिहासातील एक लहानसा धडा माळवदाच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांस सहज उमगेल. पांढऱ्या मातीच्या माळवदास उतार हवा आणि पन्हळ मोकळा हवा. काडीकचऱ्याने तो तुंबला की पाणी साचते, माती जड होते आणि खालच्या तुळया कुजू लागतात. शिडाच्या नावेचीही गत तीच.

उघड्या होडीत शिरलेले पाणी पूर्वी हातानेच उपसावे लागे. पुढे वरून बंद असलेल्या नावा आल्या आणि सुकाणू धरणाऱ्यासाठी मागे एक खोलगट चौक राहिला. त्याचा तळ समुद्राच्या पातळीहून उंच ठेवून भोके पाडली, म्हणजे पाणी आपोआप उतरते. एक घनमीटर समुद्रजल एक टनाहून थोडे अधिक भरते. तेवढा भार मागे साचला की नावेची पिछाडी दबते व पुढची लाट अधिक सुलभतेने आत येते. म्हणूनच ही भोके म्हणजे खलाशांच्या प्राणांचा प्रश्न होय.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नावा निघाल्या. वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले व ५ नावा बुडाल्या. त्यानंतर चौकशी होऊन सुरक्षेचे नियम कडक झाले. आज खुल्या समुद्रातील शर्यतींच्या नियमांत ८.५ मीटर वा अधिक लांबीच्या नावेस किमान २० मिलिमीटर व्यासाची चार भोके लागतात.

जुन्या नावेत नळी कडक होऊन तडकते, पट्टे गंजतात, झडप अडकते. नळी पाण्याच्या पातळीखाली फुटल्यास, पाणी बाहेर जाण्याची वाटच समुद्राला आत घेते. म्हणून झडप वेळोवेळी फिरवावी, नळीस दुहेरी गंजरोधक पट्टे लावावेत, तीव्र वळणे टाळावीत. व्यास दुप्पट केल्यास छेदाचे क्षेत्र चौपट होते, हे ध्यानी ठेवावे. शेवटी चौक बादल्यांनी भरून तो किती वेळात रिकामा होतो, हे घड्याळ लावून पाहावे.

आपल्या शेजारच्या गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तीतून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ने २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन प्रदक्षिणा केली. तीच नाव सात वर्षांनी जुनी झाल्यावर, २०२४-२५ मध्ये, दोन महिला अधिकाऱ्यांनी पुन्हा समुद्रावर नेली व सुखरूप परत आणली.

जुनी वस्तू टाकाऊ नसते. तिची निगा मात्र वेळेवर व्हावी लागते. ज्ञातिबांधवांनी मृग लागण्यापूर्वी आपल्या माळवदाचे पन्हळ अवश्य पाहावेत.