पाण्याच्या वाटेवरचा अभ्यासक्रम

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. मागे लोकलचा खडखडाट होता.

"मामा, आज रात्री बारापर्यंत फॉर्म भरायचाय. पटकन सांग, मशीन्स, हाय व्होल्टेज, प्रोटेक्शन हे असलं आता कुणी शिकतं का?"

ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सेमिस्टरपासूनचे ऐच्छिक विषय निवडायचे होते. तिने यादीचा स्क्रीनशॉट पाठवला. एका रकान्यात तिने म्हटलेले जुने विषय, दुसऱ्यात मशीन लर्निंग, आयओटी, एम्बेडेड सिस्टिम्स. मैत्रिणींचा सगळा गट दुसऱ्या रकान्यात गेला होता. चार वर्षांत साधारण १६० क्रेडिट मिळवायचे असतात. त्यातले आपल्या मर्जीचे फारच थोडे, म्हणून तिला घाईत चूक करायची नव्हती.

"आत्ता कुठे आहेस?"

"लौजी गेलं. खोपोलीला मावशीकडे चाललेय."

"मग उतरल्यावर घाटाकडे बघ. डोंगरावरून पाइप उतरलेत. ते नीट बघ, मग बोलू."

ती वैतागली असणार. पण माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं. आम्ही कर्जत-खालापूरची माणसं. महाराष्ट्रातल्या विजेच्या इतिहासातलं एक मोठं पान आमच्या दारात उलगडलं आणि आम्ही ते लोकलच्या खिडकीतून बघत मोठे झालो, न वाचता.

गोष्ट मुंबईच्या धुरापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत होत्या आणि कोळसा लांबून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि तिथून कोकणाकडे कडा सरळ तुटतो. हे पाणी माथ्यावर अडवून खाली सोडलं तर गिरण्या चालवता येतील, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती मनावर घेतली. १९०४ साली जमशेटजी गेले. पुढे १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली.

यातला एक योगायोग मला फार आवडतो. त्याच १९११ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. ती संस्थाही जमशेटजींच्याच स्वप्नातली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी एक होता इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजीचा. म्हणजे इकडे घाटात धरण चढत होतं, तेव्हा तिकडे तो विषय शिकवायचा वर्ग नुकता भरू लागला होता. खोपोलीची यंत्रं परदेशातून आली. ती चालवणारी माणसं मात्र इथे घडवावी लागणार होती.

आता ते पाइप बघा. तलावापासून वीजघरापर्यंत पाणी साधारण ५०० मीटर खाली येतं. एक घनमीटर पाणी, म्हणजे १००० लिटर, एवढ्या उंचीवरून उतरलं तर त्यात कागदावर १.३६ युनिट ऊर्जा असते. घर्षण आणि यंत्रांमधली तूट वजा जाता १.२ युनिटच्या आसपास हाती लागते. घरातल्या गच्चीवरच्या टाकीएवढं पाणी आणि एक युनिट वीज. हा हिशोब अकरावीच्या भौतिकशास्त्रातला आहे. खाली पोचेपर्यंत त्या पाण्याची धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. ती पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक जनित्राला फिरवतं. इथे मशीन्सचा पेपर सुरू होतो.

जनित्रातून निघालेली वीज तशीच मुंबईला पाठवली असती तर निम्म्या वाटेत तारा तापवण्यातच खर्ची पडली असती. व्होल्टेज दहापट वाढवलं की तेवढ्याच शक्तीसाठी करंट दहावा हिस्सा लागतो आणि तारांमधली तूट शंभराव्या हिश्शावर येते. म्हणून ट्रान्सफॉर्मर लावून एक लाख व्होल्टवर ती वीज परळपर्यंत नेली. त्या काळासाठी हे मोठं धाडस होतं. एवढ्या व्होल्टेजला हवाच वाहक होऊ बघते, आणि कोकणातल्या पावसात, ओल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर तर विचारूच नका. हा झाला हाय व्होल्टेजचा पेपर. तारेवर वीज कोसळली किंवा फांदी पडली तर नेमका तेवढाच तुकडा क्षणात तोडायचा आणि बाकीचं शहर चालू ठेवायचं, हा प्रोटेक्शनचा. मुंबईत गिरणीचं यंत्र सुरू झालं की इकडे चाकाचा वेग घसरू न देता पाणी वाढवायचं, हा कंट्रोलचा.

पाण्याचा थेंब वळवणहून निघून परळच्या मोटरपर्यंत पोचतो त्या वाटेवर इलेक्ट्रिकलच्या पदवीचे बहुतेक विषय ओळीने उभे आहेत. कॉलेजात ते वेगवेगळ्या सेमिस्टरमध्ये, वेगवेगळ्या सरांकडून, वेगवेगळ्या वहीत शिकवले जातात. त्यामुळे एक विषय सोडला तर एक वही कमी झाली, एवढंच वाटतं. प्रत्यक्षात वाट मधेच तुटते.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये आमच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्यासाठी आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं. भिवपुरीत चाकं फिरवून सुटलेलं पाणी उल्हास नदीला मिळतं आणि राजनाल्याच्या कालव्यातून शेतांनाही जातं. माझे आजोबा त्याच पाण्यावर उन्हाळी भात घेत. त्याला ते 'टाटाचं पाणी' म्हणत. आमच्या घरात दिवा लागला तेव्हा मात्र आजोबांची चाळिशी उलटली होती. शेताला वीजघराचं पाणी होतं, घरात रॉकेलची चिमणी होती. वीज कुठे तयार होते आणि कुणाकडे जाते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांना न शिकता कळलं होतं.

तिसऱ्या धरणाच्या वेळी हा प्रश्न रस्त्यावर आला. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. धरण थांबलं नाही, गावं बुडाली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावरचं, मूळचं पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी असं पश्चिमेला वळवावं का, हा वाद अजून मिटलेला नाही. अभ्यासक्रमात समाजशास्त्राचा किंवा पर्यावरणाचा एखादा पेपर असतो. 'सोपे क्रेडिट' म्हणून आपण तो घेतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. मुळशी त्याच पेपरात येते.

आता कर्जत स्टेशन. घाट चढायला गाडीच्या मागे इंजिनं लावतात ते बघायला लहानपणी आम्ही फलाटावर उभे राहायचो. दर ३७ मीटरला एक मीटर असा तो चढ. १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या आल्या, १५०० व्होल्ट डीसीवर. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. मालगाड्यांसाठी १९२८ पासून आलेल्या इंजिनांना लोक 'खेकडा' म्हणत. घाट उतरताना त्यांच्या मोटरी जनित्रासारख्या चालून वीज परत तारेत ढकलत. आजच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीत ज्याचं कौतुक असतं, ते शंभर वर्षांपूर्वी बोरघाटात चालू होतं.

पुढे जगभर एसीची सरशी झाली. आपल्याकडेही १५०० व्होल्ट डीसी टप्प्याटप्प्याने काढून २५,००० व्होल्ट एसी आलं. मी शिकत होतो तेव्हा डीसी म्हणजे मेलेला विषय, परीक्षेपुरता वाचायचा. पण १९९९ मध्येच चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची १५०० मेगावॉटची लाइन उभी राहिली होती, आणि ती डीसी होती. आज सोलर पॅनेल डीसी देतं, बॅटरी डीसी साठवते, आणि नव्या रेल्वे इंजिनात तारेवरची एसी आधी डीसी होऊन मग मोटरसाठी पुन्हा तीन फेज एसी होते. मेलेला विषय मागच्या दाराने घरात येऊन बसला आहे.

तलावांचंही तसंच. खोपोलीचं वीजघर आज ७२ मेगावॉटचं आणि भिवपुरीचं ७५. आजच्या औष्णिक संचांपुढे हे आकडे किरकोळ वाटतात. पण सौर वीज दुपारी उतू जाते आणि संध्याकाळी लागते तेव्हा नसते. दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं, हा त्यावरचा जुना आणि भरवशाचा उपाय. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी अशा दोन प्रकल्पांचा करार केला: शिरवत्याला १८०० मेगावॉट आणि आमच्या भिवपुरीला १००० मेगावॉट. ते झाले तर तिथे एकच यंत्र कधी मोटर असेल, कधी जनित्र. ते कधी फिरवायचं हे ठरवायला हवामानाचा आणि मागणीचा अंदाज लागेल, म्हणजे मशीन लर्निंगही आलंच. स्क्रीनशॉटमधले दोन्ही रकाने एकाच वीजघरात शेजारी बसतील.

माझी कबुलीही देतो. मी प्रोटेक्शनचा विषय सोडला होता. पेपर अवघड, मार्क कमी मिळतात, असं सीनियर सांगत. त्याऐवजी सगळ्या मित्रांनी घेतला तो विषय घेतला. पहिल्या नोकरीत एका रात्री एक फीडर पुन्हा पुन्हा ट्रिप होत होता. रिलेने नेमकं काय बघून ब्रेकर उघडला, असं साहेबांनी विचारलं आणि मी गप्प उभा राहिलो. शेजारच्या आयटीआय झालेल्या सहकाऱ्याने दोन मिनिटांत समजावलं. पुढचे सहा महिने ड्युटी संपल्यावर तोच सोडलेला विषय मी जुन्या पुस्तकातून शिकलो.

म्हणून भाचीला मी अमुक घे, तमुक सोड असं सांगितलं नाही. एक खरी गोष्ट धर, एवढंच म्हटलं. भिवपुरीचं वीजघर धर, घरावरचं सोलर धर, नाहीतर लोकलची मोटर. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत समजायला काय काय लागेल ते कागदावर लिही आणि उलटी मागे ये. सिग्नल्स न येता कंट्रोल घेतलंस तर रडशील, मशीन्स कच्ची ठेवून पॉवर इलेक्ट्रॉनिक्स घेतलंस तरी रडशील. मोकळ्या जागा मग आपोआप दिसतात. मशीन लर्निंग जरूर घे, पण ते कशावर चालवणार आहेस ते आधी ठरव.

साडेआठला तिचा मेसेज आला. अंधुक उजेडात काढलेला पाइपांचा फोटो, आणि खाली प्रश्न: "मामा, खालचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर एवढ्या पाण्याचं काय होईल? पाइप फुटेल ना?"

फुटू शकतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात, आणि तो तिच्या यादीतल्या एकाही विषयात नव्हता. मी तिला फोन लावला. फॉर्म भरायला अजून साडेतीन तास होते.