शेजारची शाळा

जून जवळ आला की आमच्या गल्लीत एकच विषय निघतो: पोराला नगरपालिकेच्या शाळेत ठेवायचं की काढायचं? परवा शेजारच्या भाभींनी मलाच विचारलं. मी अडखळलो. वीस वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाला त्याच शाळेतून काढलं होतं.

हा प्रश्न एका घराचा नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातलेच जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. या आयोगानं शेजारशाळा सुचवली: जात, धर्म, श्रीमंती न पाहता वस्तीतली सगळी मुलं एकाच शाळेत. हिशेब साधा होता. वजनदारांची मुलं तिथं शिकली, तर ते शाळेकडे लक्ष देतील आणि ती लवकर सुधारेल.

तसं घडलं नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं ठरवलं. निवड आईबापांकडेच राहिली.

मला मराठी त्या शाळेनंच दिली. माझ्या बाकावर वकिलांचा मुलगा बसायचा. आधी वकील गेले, मग मी. नळ तुटला तर दाद मागणारं कोण उरलं?

भाभींना म्हटलं, "एकट्यानं ठरवू नका. दहा घरं मिळून मुख्याध्यापकांना भेटू. मीही येतो."